नवीन पनवेलची पोरं ज्याच्या गाड्या मॉडिफाय करतात, तो होंडा स्वतः जुन्या विमानाचं इंजिन बसवलेल्या गाडीतून रेस जिंकला होता

नवीन पनवेल. रविवारची सकाळ. सेक्टरमधल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी होंडा सिटी बोनेट वर करून उभी असते. तिच्याभोवती तीन-चार पोरं, खाली पसरलेले पाने, एका कोपऱ्यात चहाचे कागदी कप. वॉचमन वैतागलेला.

गाडी साधीसुधी नाही. २००० साली आलेली सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, शंभराहून जास्त हॉर्सपॉवर आणि वजनाला हलकी. जपानी परफॉर्मन्स गाड्यांचं वेड असलेल्या पण खिशात मोजकेच पैसे असलेल्या पोरांसाठी ही गाडी म्हणजे पंढरी.

कारण खरी जेडीएम गाडी, म्हणजे जपानने स्वतःच्या रस्त्यांसाठी बनवलेली सुप्रा, स्कायलाइन किंवा सिव्हिक टाइप आर, इथे आणणं सोपं नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. जी आणता येते तिच्यावरची ड्युटी गाडीच्या किमतीलाही मागे टाकते. मग नव्वदच्या दशकातल्या त्या गाड्या मोबाईलच्या स्क्रीनवरच बघायच्या आणि खाली पार्किंगमध्ये सिटीचा टायमिंग बेल्ट बदलायचा.

घरचे विचारतात, जुन्या डब्यावर कशाला पैसे घालतोस? पोरांकडे उत्तर नसतं.

पण त्या गाडीच्या नाकावर ज्याचं आडनाव आहे त्या माणसाची गोष्ट घरच्यांना सांगितली, तर थोडंफार काम होऊ शकतं. कारण आज जपानी गाड्या बाहेरून मागवण्यासाठी जग धडपडतं, पण शंभर वर्षांपूर्वी परिस्थिती बरोबर उलटी होती. जपानमध्ये गाड्या बाहेरून यायच्या. त्या महाग होत्या, पार्ट मिळायचे नाहीत आणि एक पोरगा हाताला काळं लावून त्या दुरुस्त करायचा, उघडायचा, बदलायचा.

त्याचं नाव सोइचिरो होंडा.

१७ नोव्हेंबर १९०६ ला जपानच्या शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. आज हा भाग हामामात्सू शहरात येतो. वडील गिहेई लोहार. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचंही काम सुरू केलं. आई मिका विणकाम करायची. म्हणजे घरात पैसा नव्हता, पण हातोडा, ऐरण, भाता आणि सायकलींचे सुटे भाग मात्र रग्गड होते.

पोरगा लहान असताना गावात पहिल्यांदा मोटारगाडी आली. धूर सोडत, धूळ उडवत ती निघाली आणि हा तिच्यामागे पळत सुटला. गाडी थांबली तिथे तेल गळलं होतं. त्याने जमिनीला नाक लावून त्या तेलाचा वास घेतला. हा वास आपण आयुष्यभर विसरलो नाही असं तो पुढे सांगत राहिला.

दुसरा किस्सा विमानाचा. १९१७ साली हामामात्सूमध्ये एक अमेरिकन वैमानिक विमानाच्या कसरती दाखवणार होता. होंडाने वडिलांची सायकल घरी न सांगता काढली. सीटवर बसलं की पाय पेडलला पोचत नव्हते, म्हणून दांड्याखालून पाय घालून तो वीसेक किलोमीटर गेला. कैची सायकल ज्यांनी मारली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून विमान बघितलं आणि घरी येऊन बोलणी खाल्ली.

शाळेत मात्र उजेडच होता. एकदा प्रगतिपुस्तकावर घरच्यांचा शिक्का लागायचा म्हणून त्याने सायकलच्या पेडलचं रबर कोरून शिक्काच बनवला. तो चालला, म्हणून मित्रांनाही शिक्के करून दिले. आता होंडा हे आडनाव जपानी लिपीत उभं लिहिलं की डावी-उजवीकडून सारखंच दिसतं, त्यामुळे त्याचा शिक्का खपून गेला. मित्रांची नावं मात्र उलटी उमटली आणि सगळे पकडले गेले, असा हा किस्सा सांगितला जातो.

१९२२ साली, पंधरा-सोळाव्या वर्षी, त्याने एका मासिकात तोक्योच्या आर्ट शोकाई या गॅरेजची जाहिरात पाहिली आणि नोकरीसाठी पत्र टाकलं. उत्तर आलं. वडिलांसोबत तोक्यो गाठलं.

आणि तिथे हाती काय आलं? मालकाचं तान्हं बाळ.

कित्येक महिने हा गडी पोर सांभाळायचा, झाडू मारायचा आणि लांबून गाड्या बघायचा. पळून जावं असं अनेकदा वाटलं. मग एके दिवशी गॅरेजमध्ये कामाची झुंबड उडाली, माणसं कमी पडली आणि मालक युझो साकाकिबारा यांनी याला हाक मारली. तो बर्फातून आलेल्या, पाणी गळत असलेल्या गाडीखाली आडवा झाला. बाळ सुटलं, पाना आला.

त्या काळात जपानमध्ये गाडी म्हणजे परदेशीच. फोर्डने योकोहामात जुळणीचा कारखाना टाकला तो १९२५ साली, जनरल मोटर्स ओसाकात आली १९२७ मध्ये. त्याआधी आणि नंतरही श्रीमंतांच्या दारात वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या मापांच्या गाड्या असायच्या. एखादा पार्ट तुटला तर तो बोटीने यायला काही महिने लागायचे. तेवढी वाट कोण बघणार? मग तुटलेला पार्ट समोर ठेवायचा आणि तसाच दुसरा इथेच घडवायचा.

आज नवीन पनवेलमधल्या पोराला बंद झालेल्या मॉडेलचा एखादा पार्ट मिळत नाही आणि तो कुर्ल्याच्या भंगार बाजारापर्यंत शोधत जातो, तेव्हा त्याची जी अवस्था होते तीच होंडाची होती. फरक इतकाच की होंडाला कुर्लाही नव्हतं. लोहाराचा मुलगा असणं तिथे कामी आलं.

१ सप्टेंबर १९२३ ला तोक्योत महाभयंकर भूकंप झाला. त्यामागून आगी लागल्या. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या होत्या आणि आग जवळ येत होती. ज्याला जमेल त्याने गाड्या बाहेर काढायच्या असा हुकूम झाला. होंडा स्टिअरिंगवर बसला आणि माणसांच्या लोंढ्यातून गाडी बाहेर काढली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवली ती अशी. शहर जळत होतं आणि पोराला गाडी चालवायला मिळाल्याचा आनंद झाला होता, हेही त्याने कधी लपवलं नाही.

भूकंपानंतर बरेचसे कामगार आपापल्या गावी गेले. होंडा राहिला. जळून सांगाडा झालेल्या गाड्या आणायच्या, सरळ करायच्या, रंगवायच्या आणि चालू करून विकायच्या, हा उद्योग सुरू झाला. तेव्हा चाकांचे आरे लाकडाचे असायचे आणि आगीत सगळ्यात आधी तेच जायचे. ते घडवण्यात होंडाचा हात बसला.

आणि मग आली ती गाडी.

साकाकिबारांना रेसिंगचा नाद होता. त्यांनी मिचेल नावाच्या अमेरिकन गाडीची जुनी चेसिस घेतली. तिच्यात बसवायला इंजिन कुठलं आणलं, तर कर्टिस कंपनीच्या जुन्या विमानाचं. आठ सिलिंडर, आठ लिटरहून मोठं, नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन. विमानासाठी बनवलेलं असल्यामुळे ते जेमतेम १४०० फेऱ्यांवर ताकद द्यायचं, त्यामुळे गाडीत बसवताना सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. दिवसभराचं काम उरकलं की रात्री याचं काम. चाकांसाठी लागणारे आरे होंडाने हाताने घडवले.

आजच्या भाषेत याला इंजिन स्वॅप म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं.

२३ नोव्हेंबर १९२४ ला योकोहामाजवळ त्सुरुमी इथे रेस झाली. गाडी चालवायला मालकांचे धाकटे भाऊ शिनिची आणि शेजारी मेकॅनिक म्हणून नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेला होंडा. त्या काळी मेकॅनिकही गाडीत बसायचा. इंजिनाचा आवाज ऐकायचा, तेलाचा दाब बघायचा, मागून कोण येतंय ते सांगायचा. भंगारातल्या इंजिनाची ती गाडी पहिली आली. ती गाडी आजही जपानमध्ये मोतेगीच्या होंडा संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

याच दिवसांतला एक किस्सा. मोरिओकामध्ये अग्निशमन दलाची गाडी बिघडली म्हणून गॅरेजने होंडाला पाठवलं. तिथल्या लोकांनी बघितलं तर मिसरूडही न फुटलेलं पोरगं. राहायला साधीशी खोली दिली. त्याने सगळं इंजिन उघडून सुटं मांडलं, तेव्हा तर लोकांचा धीरच सुटला. तिसऱ्या दिवशी इंजिन जोडलं, चालू केलं आणि पाण्याची धार उडाली. संध्याकाळी परत आला तर त्याचं सामान सगळ्यात चांगल्या खोलीत हलवलेलं होतं. हाताला कला असली की खोली बदलते हे त्याला तिथेच कळलं.

१९२८ साली मालकांनी त्याला हामामात्सूमध्ये आर्ट शोकाईची शाखा काढून दिली. वय एकवीस. शाखा चालली. लाकडी आऱ्यांचं दुखणं माहीत होतंच, म्हणून त्याने चाकांसाठी बिडाचे ओतीव आरे तयार केले आणि पेटंट मिळवलं. हे आरे पार भारतापर्यंत गेले असं त्याच्या आठवणींत येतं. म्हणजे होंडाचा माल आपल्याकडे पहिल्यांदा आला तो गाडी म्हणून नाही, स्पेअर पार्ट म्हणून.

पण तो मालक म्हणून सोपा नव्हता. काम चुकलं की ओरडायचा, हातात असेल ते फेकून मारायचा. पुढे मोठी कंपनी झाल्यावरही त्याचा हात उठायचा. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक हे सांगताना हसतात, पण मार खाताना कुणी हसलं नसेल.

पैसा आला तसा रेसिंगचा नादही वाढला. फोर्डचं इंजिन घेऊन त्याने स्वतःची रेसिंग कार बनवली. ७ जून १९३६ ला तोक्योजवळच्या तामागावा स्पीडवेवर मोठी रेस होती. होंडा स्वतः स्टिअरिंगवर. शेजारी मेकॅनिक म्हणून त्याचा सख्खा धाकटा भाऊ बेंजिरो.

गाडी तुफान पळत होती. आणि अचानक समोर दुरुस्तीच्या जागेतून बाहेर पडणारी गाडी आली. टाळायला जागा उरली नाही. धडक झाली, गाडी उलटीपालटी झाली आणि दोघे भाऊ बाहेर फेकले गेले. होंडाच्या चेहऱ्याला जबर मार लागला. बेंजिरोच्या पाठीचा कणा मोडला.

दोघेही वाचले. पण आदल्या वर्षीच लग्न करून घरात आलेल्या साचीने नवऱ्याला रेसिंग सोडायला लावलं. होंडाच्या हातची रेसिंग त्यानंतर लवकरच संपली.

गाडी मॉडिफाय करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट वाचावा. ती गाडी होंडाने स्वतः बनवली होती, गाडी त्याला तळहातासारखी माहीत होती, ट्रॅक रेससाठीच बांधलेला होता आणि तरीही ते पुरलं नाही. इथे तर आपण कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागणाऱ्या ट्रॅफिकबद्दल बोलतोय. ताकद वाढवायला पैसे असतात आणि ब्रेक, टायर, सस्पेन्शनची पाळी आली की बजेट संपतं, हे सगळीकडे घडतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा अनेकांना राग आला होता. पण शेजारच्या सीटवर भाऊ बसलेला असतो, हा मुद्दा कोर्टाच्याही आधीचा आहे.

अपघातातून उठल्यावर होंडाच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य घालवायचं नाही, स्वतः काहीतरी बनवायचं. त्याने पिस्टन रिंग निवडली. दिसायला किरकोळ वस्तू. पिस्टनभोवती बसणारी लोखंडी कडी. पण ती बिघडली की इंजिन तेल प्यायला लागतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. जुनी गाडी घेताना जाणकार माणूस आधी हाच धूर बघतो.

होंडाला वाटलं, ओतकाम तर आपल्या रक्तात आहे. पण रिंग काही जमेना. शेवटी तो एका तंत्रशाळेतल्या प्राध्यापकाकडे गेला. त्यांनी तपासून सांगितलं की धातूत सिलिकॉनच कमी आहे. होंडाला तोवर सिलिकॉन हा प्रकारच नीट ठाऊक नव्हता.

तिशीतला, स्वतःचं गॅरेज असलेला हा माणूस मग पोराटोरांबरोबर वर्गात जाऊन बसला. आपल्या कामाचं तेवढंच ऐकायचा, परीक्षा द्यायचा नाही. शाळेने पदवी मिळणार नाही असं बजावलं, तर त्याने उलट सांगितलं की सिनेमाचं तिकीट असेल तर निदान आत तरी बसायला मिळतं, पदवीने तेवढंही होत नाही.

रिंग जमली, पण लढाई संपली नव्हती. टोयोटाला माल द्यायचा ठरला. तीस हजारांतून पन्नास रिंगा निवडून तपासणीला दिल्या आणि पास झाल्या फक्त तीन. एक रिंग चांगली करणं आणि हजारो रिंगा सारख्याच चांगल्या करणं यात किती अंतर आहे ते त्याला तिथे समजलं. पुढची काही वर्षं कारखाने फिरून शिकण्यात गेली आणि मग मात्र टोयोटाने त्याच्या कंपनीत भागीदारीही घेतली.

मग युद्ध आलं. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. दुसरा १३ जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. युद्ध संपल्यावर होंडाने उरलंसुरलं टोयोटाच्या उद्योगसमूहाला साडेचार लाख येनला विकून टाकलं आणि वर्षभर काहीच केलं नाही. घरी दारू गाळायची, मित्र जमवायचे. एकोणचाळीस वर्षांचा माणूस नुसता बसून होता. घर कसं चालायचं ते साचीलाच माहीत.

१९४६ च्या शरद ऋतूत तो मित्राच्या घरी गेला आणि तिथे त्याला एक बारीकसं इंजिन दिसलं. जपानी लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं. युद्ध संपल्यामुळे असली इंजिनं बेवारस पडली होती. हामामात्सूत पेट्रोल रेशनवर होतं, ट्रेनला माणसं लोंबकळत होती आणि बायका सामानासाठी मैलोन्‌मैल सायकल हाणत होत्या.

होंडाने ते इंजिन सायकलला लावलं. पेट्रोलची टाकी हवी होती, तर घरातली अंथरूण गरम करायची पत्र्याची पिशवी वापरली. पेट्रोल कमी, म्हणून त्यात पाइनच्या मुळांचं तेल मिसळलं. धूर काय विचारता! टेस्ट रायडर म्हणून साचीला रस्त्यावर पाठवलं आणि तिचे कपडे तेलाने माखले. तिने तक्रार केल्यावर त्याने इंजिनातलं ते गळणं दुरुस्त केलं. नवरा इंजिनिअर आणि बायको क्वालिटी कंट्रोल.

अशी पाचशेच्या आसपास इंजिनं मिळाली. ती संपली तेव्हा स्वतःचं इंजिन बनवावंच लागलं. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी सुरू झाली. म्हणजे आज ज्या कंपनीचं नाव घेतलं जातं तिचा पहिला माल हा लष्करी भंगारात मिळालेलं इंजिन सायकलला बसवलेला जुगाड होता.

१९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा आला आणि कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली. होंडा कारखाना बघणार, फुजिसावा पैसा आणि विक्री. होंडाला हिशेबात रस नव्हता, फुजिसावाला इंजिनात नव्हता. जोडी जमली. १९५२ मध्ये कंपनीचं भांडवल साठ लाख येन असताना यांनी परदेशातून पंचेचाळीस कोटी येनची यंत्रं मागवली. कुठल्याही बँकवाल्याला घाम फुटेल असा हा प्रकार होता आणि १९५४ मध्ये कंपनी खरोखरच बुडता बुडता वाचली.

त्याच १९५४ मध्ये होंडाने जाहीर केलं की आपण ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची मोटारसायकल रेस जिंकायची. मग स्वतः बघायला गेला आणि हबकला. जर्मन आणि इटालियन गाड्या त्याच्या इंजिनांच्या तिपटीने ताकद काढत होत्या. तोंड पाडून परत येणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने युरोपातून कार्ब्युरेटर, चेन, टायर, रिम असं मिळेल ते विकत घेतलं. परतताना रोमच्या विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं. जादा भाड्याला पैसे उरले नव्हते, म्हणून जमतील तितके कपडे अंगावर चढवून त्याने पार्टची बॅग आत नेली असं सांगतात.

परदेशातून येणाऱ्या काकाच्या बॅगेत शर्टांच्या मध्ये गाडीचा पार्ट मागवणाऱ्यांनी समजून जावं, ही परंपरा जुनी आहे.

१९५९ मध्ये होंडाचा संघ त्या बेटावर उतरला आणि त्यांचा एक रायडर सहावा आला. १९६१ मध्ये दोन गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे होते.

आता चारचाकी राहिली होती. तिथे सरकारच आडवं आलं. जपानच्या उद्योग मंत्रालयाला वाटत होतं की देशात मोजक्याच मोटार कंपन्या असाव्यात. नव्यांना दार बंद करणारा कायदा येऊ घातला होता. होंडा भडकला आणि कायदा येण्याआधी गाडी रस्त्यावर आणायची घाई सुरू झाली. १९६३ मध्ये टी ३६० हा छोटा ट्रक आणि पाठोपाठ एस ५०० ही स्पोर्ट्स कार आली. तो कायदा पुढे झालाच नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या एस ६०० चं इंजिन फक्त सहाशे सीसीचं, पण ते मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या मारायचं. मोटारसायकलवाल्यांनी गाडी बनवली की असं होतं. लहान इंजिन, वर वर चढत जाणारा आवाज आणि शेवटच्या टप्प्यात निघणारी ताकद. सिटी व्हीटेकचा काटा वर गेला की पनवेलच्या पोराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, त्याचं मूळ इथे आहे.

गाडी बनवायला लागून वर्ष झालं नाही तोच १९६४ मध्ये ही कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली. लोक हसले. ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिंथर होंडाच्या दीड लिटर बारा सिलिंडरच्या गाडीतून जिंकला. हसणं थांबलं.

इथपर्यंत कोणालाही आवडेल अशी ही गोष्ट आहे. पण ती इथे थांबवली तर खोटी ठरेल.

होंडाला इंजिन हवेने थंड करण्याचं वेड होतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातलं पाणीही शेवटी हवेनेच थंड होतं, मग मध्ये पाणी कशाला, असा त्याचा साधा हिशेब. रेडिएटर नको, पाइप नको, गळती नको. मोटारसायकलला हे चाललं होतं. मोठ्या इंजिनाला चालेना आणि त्याच्याच इंजिनिअरांना ते दिसत होतं. पण साहेबांना सांगणार कोण?

१९६८ मध्ये होंडाने हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची फॉर्म्युला वन गाडी बनवली, आरए ३०२. कंपनीचा मुख्य ड्रायव्हर जॉन सर्टीस याने ती चालवून बघितली आणि ती रेसला तयार नाही असं सांगून बसायला नकार दिला. तरीही फ्रान्समध्ये रुआँच्या रेसला ती उतरवली गेली. स्टिअरिंगवर होता फ्रेंच ड्रायव्हर जो श्लेसर. ७ जुलैचा दिवस, पाऊस पडत होता. सुरुवातीच्या फेऱ्यांमध्येच गाडी घसरून बाजूच्या उतारावर आदळली आणि पेटली. मॅग्नेशियमचं शरीर आणि टाकीभर इंधन. श्लेसर वाचला नाही. त्याच रेसमध्ये सर्टीस होंडाच्याच पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या गाडीतून दुसरा आला.

त्या वर्षाअखेर होंडा फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली.

तरी साहेबांची जिद्द सुटली नाही. १९६९ मध्ये हवेने थंड होणारं इंजिन घेऊनच एच १३०० ही गाडी बाजारात आली. महाग, जड आणि ग्राहकांच्या पसंतीला न उतरलेली. तरुण इंजिनिअर वैतागले. प्रदूषणाचे नवे नियम येत होते आणि पाण्याशिवाय ते पाळणं अशक्य होतं. शेवटी ते फुजिसावाकडे गेले.

फुजिसावाने होंडाला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? थोडा वेळ शांतता होती. मग होंडाने अध्यक्ष म्हणून राहायचं ठरवलं, म्हणजेच पाण्याच्या इंजिनाला परवानगी दिली. ज्याने आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, त्याला ते किती जड गेलं असेल! बेंजिरोच्या वेळी निदान तो स्वतः गाडीत होता. रुआँला गाडीत दुसराच माणूस होता, आणि त्यानंतरही ऐकायला वर्ष लागलं.

पण त्यानंतर जे झालं ते भारी होतं. १९७२ मध्ये सिव्हिक आली आणि त्याच वर्षी होंडाने सीव्हीसीसी नावाचं इंजिन दाखवलं. तत्त्व असं, की मुख्य चेंबरच्या बाजूला एक छोटं चेंबर. तिथे जास्त पेट्रोल असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्याच्या ज्वाळेने मुख्य चेंबरमधलं पातळ मिश्रण सावकाश आणि पूर्ण जळतं. त्यामुळे अमेरिकेचे १९७५ साठीचे कडक नियम हे इंजिन सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावताच पास झालं.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या हे नियम पाळणं शक्य नाही म्हणून रडत होत्या. जनरल मोटर्सच्या प्रमुखांनी तर खेळण्यातल्या इंजिनाला हे जमेल, मोठ्या गाडीला नाही, अशा अर्थाची टर उडवली.

मग होंडाने काय केलं? १९७३ ची शेवरोले इम्पाला विकत घेतली. जनरल मोटर्सचीच, आठ सिलिंडरची, साडेपाच लिटरहून मोठ्या इंजिनाची. ती विमानाने जपानला आणली. इंजिन उघडलं, सीव्हीसीसीचे हेड आणि कार्ब्युरेटर बसवले आणि परत अमेरिकेला पाठवून सरकारी तपासणीला उभी केली. गाडी पास झाली.

अठराव्या वर्षी ज्या पोराने अमेरिकन चेसिसमध्ये अमेरिकन विमानाचं इंजिन बसवायला हात लावला होता, त्याच्या कंपनीने पन्नास वर्षांनी पुन्हा अमेरिकन गाडी आयात करून मॉडिफाय केली होती. यावेळी बजेट बरं होतं.

या इंजिनाच्या वेळी होंडा आपल्या माणसांना सांगत होता की अमेरिकन कंपन्यांना गाठायची ही सोन्यासारखी संधी आहे. तरुण इंजिनिअरांना ते रुचलं नाही. आम्ही हे कंपनीसाठी नाही, लोकांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे ऐकून आपली वेळ संपत आली हे होंडाने ओळखलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो आणि फुजिसावा एकाच वेळी बाजूला झाले. खुर्चीवर पंचेचाळीस वर्षांचा कियोशी कावाशिमा बसला. दोघांनीही आपल्या पोरांना कंपनीत घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलं. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरच आणि सन्स लिहितात, त्यामुळे हे थोडं वेगळं वाटेल.

निवृत्तीनंतर होंडा जपानभर कंपनीच्या कारखान्यांत आणि दुकानांत फिरला, माणसांचे हात हातात घेऊन आभार मानले. एकदा एक कामगार हात पुढे करता करता थांबला, तेलकट होता म्हणून. होंडाने तोच हात धरला आणि त्याचा वास घेतला.

त्याच्या हयातीतच त्याचं नाव आपल्याकडे पोचलं होतं. १९८४ मध्ये हिरो होंडा झाली आणि पुण्याच्या फिरोदियांबरोबर कायनेटिक होंडा. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली ती स्कूटर पनवेलच्या कित्येक घरांतल्या आई-मावशीने चालवलेली पहिली गाडी असेल. १९८९ मध्ये जपानमध्ये पहिलं व्हीटेक इंजिन आलं. कमी वेगाला एक कॅम, जास्त वेगाला दुसरा, म्हणजे घरी जाताना गरीब गाय आणि काटा वर गेला की रेसचा घोडा. ते इंजिन बघायला होंडा होता. सिटी भारतात आली १९९८ मध्ये, ती बघायला मात्र तो नव्हता.

५ ऑगस्ट १९९१ ला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी यकृताच्या आजाराने तो गेला. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढायची नाही असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. लोक गाड्या घेऊन येतील, रस्ते तुंबतील आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांना उगाच त्रास होईल, हे त्याचं कारण होतं.